गंधसरूचा महाल

फार जुन्या काळी, यहूदा देशाच्या डोंगरांतल्या एका नगरात तिर्सा नावाची म्हातारी संदेष्ट्री राहत होती. परमेश्वराचा शब्द राजाच्या कानी घालायचा, हे तिचं काम. तिने आजोबा राजा पाहिला, बाप राजा पाहिला, आता नातू गादीवर होता. तिघांना तेच ते सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता.

नातवाला गंधसरूच्या सुवासिक लाकडाचा महाल हवा होता. त्यासाठी त्याने नगराचा तट बांधणारे पाथरवट वेठीला धरले. मजुरी नाही, घरी जायची मुभा नाही. तटाला पडलेलं खिंडार तसंच राहिलं.

अशात शत्रूची फौज चालून आली. राजा पश्चात्तापाचं गोणपाट नेसून तिर्साच्या दारात हजर.

“आजी, परमेश्वराला सांग, एवढ्या वेळी वाचव! पाथरवटांना मोकळं करतो, परक्या देवांच्या मूर्ती फोडतो, म्हणशील ते करतो!”

“मला काय सांगतोस? त्यांना सोड म्हणजे झालं.”

त्याने सोडलं. आणि खरंच, शत्रूच्या मुलखात बंडाळी माजली नि फौज आल्या पावली माघारी गेली. नगरात डफ वाजले. तिर्सासुद्धा हसली.

पण थोड्याच दिवसांत महालावर पुन्हा छिन्नी-हातोड्याचा आवाज सुरू झाला. शिपायांनी पाथरवटांना घराघरांतून ओढून आणलं होतं. तिर्सा काठी आपटत दरबारात गेली.

“अरे, शब्द दिला होतास ना?”

“दिला होता की. पण आता संकट टळलं, आजी! महालाला छप्पर नको का?”

“आणि तटाचं खिंडार? निदान ते तरी बुजव!”

“परमेश्वराने एकदा वाचवलं, पुन्हा वाचवेल. त्याचं मंदिर आहे ना आपल्याकडे?”

तिर्साने कपाळावर हात मारून घेतला. याचा बापही हेच म्हणायचा.

फौज परत आली, ती त्या खिंडारातूनच आत घुसली. महाल जळाला. राजा, पाथरवट, तिर्सा, सगळ्यांना बांधून शत्रूच्या बाबेल नगराच्या वाटेला लावलं.

वाटेत एका कालव्याकाठी राजा ढसाढसा रडू लागला. “परमेश्वराने आपल्याला टाकलं गं, आजी.”

तिर्साचे पाय सुजून टम्म झाले होते. तिचा जन्माचा वैताग उसळून आला. “टाकलं असतं, तर या वयात मला तुझ्यामागे इथवर कशाला चालवलं असतं? घरी सुखाने मेले असते की! तो तुला सोडत नाही, म्हणून माझीही सुटका नाही!”

राजाने डोळे पुसले. “मग आता मी काय करू?”

“चला, विचारलंस तरी! तो पाथरवट पडलाय बघ तहानेने. त्याला पाणी दे.”

राजा बेडी सावरत कालव्यात उतरला. ओंजळ भरून आला. पाथरवटाने आधी तोंड फिरवलं, मग प्यायला.

तिर्साने डोळे मिटले. “देवा,” ती पुटपुटली, “एवढ्यासाठी केवढा लांबचा रस्ता!”

तात्पर्य: संकटात दिलेला शब्द सुखात पाळायचा असतो. तो मोडला तर शिक्षा चुकत नाही. पण शिक्षेच्या वाटेवरही परमेश्वर आपली पाठ सोडत नाही.