गारमाळावरचं चवरीगवत

"येतं तरी कुठनं हे, बाबा?"

त्रिंबकनं हातातला गवताचा ठोंब सोमगिरी बाबांच्या पुढ्यात टाकला. मुळं हातभर लांब होती. त्यांच्यातली ओली माती ओट्यावर सांडली.

बाबा उन्हाची वाट बघत बसले होते. गारमाळावर थंडीच्या दिवसांत ऊन उशिरा पोचतं. धुकं मठाच्या पायरीपर्यंत आलेलं असतं आणि त्यात माळ कुठं संपतो, आभाळ कुठं लागतं, काही समजत नाही.

"काय म्हणालास?"

"हे येतं कुठनं, म्हटलं."

बाबांनी ठोंबाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"आज प्रश्न बदलला," ते म्हणाले, आणि पुन्हा धुक्याकडं बघत बसले.

त्रिंबकला राग आला. अंधार पुरता फिटला नव्हता तेव्हापासून तो कुदळ घेऊन माळावर राबत होता. त्याचे हात पातीनं चिरले होते. आणि इथं ही कोडी.

ते गवत माळावर आणलं होतं त्यानंच. दिव्याचं तेल आणायला तो शहरात गेला होता, तेव्हा एका नव्या हॉटेलच्या फाटकाशी त्यानं ते पाहिलं. ठोंब भरदार, पात बारीक, आणि वर कोल्ह्याच्या शेपटीसारखे लांब, मऊ, जांभळट तुरे. वारा आला की सगळे तुरे मिळून एका बाजूला झुकायचे. त्रिंबक तेल विसरून बघतच राहिला. माळ्यानं एक ठोंब उपटून दिला, तो त्यानं पोराला आणावं तसा छातीशी धरून आणला आणि बाबांच्या गुरूंच्या समाधीशेजारी लावला.

बाबा म्हणाले होते, "सुरेख आहे."

सुरेख तर होतंच. पुढं मठातला जुना मोरपिसांचा कुंचा झडून झडून नुसती काडी उरली, तेव्हा त्रिंबकनं त्या तुऱ्यांची जुडी लाल दोऱ्यानं बांधली आणि झकास चवरी केली. बाबांनी आशीर्वाद देणं केव्हाच सोडलं होतं, ते काम त्रिंबककडं आलं होतं. लोक वाकायचे. डोक्यावरून, खांद्यावरून ती मऊ चवरी फिरली की बायाबापड्यांचे डोळे मिटायचे. तुऱ्यातून केसाळ, हलकं असं काहीबाही अंगावर गळायचं. ते झटकायचं नाही, घरी पोचेपर्यंत तसंच मिरवत न्यायचं, असा रिवाजच पडून गेला. गवताला नावही पडलं, चवरीगवत.

आणि त्रिंबकला ते आवडायचं. का आवडू नये? खालच्या गावांतून माणसं यायची ती आता बाबांकडं नाही, त्याच्याकडं वळायची. "त्रिंबक महाराजांची चवरी फिरली, गुण आला," असं कुणी म्हणालं की तो मान खाली घालून ऐकायचा, पण ऐकायचा सगळं.

गवत मात्र समाधीपाशी थांबलं नाही.

गारमाळाचं मूळचं गवत पवना आणि मारवेल. तीही ठोंबाठोंबानंच वाढतात, पण दोन ठोंबांच्या मधे वीतभर जागा मोकळी सोडतात. पावसाळ्यात त्या जागेत बारकी निळी फुलं यायची. पुढं चंडोल तिथंच अंडी घालायचे. मेंढरांना तोंड घालायला, कोकराला बसायला, सगळ्याला तिथं जागा होती. चवरीगवतानं ती मधली जागा धरली. आधी पाऊलवाटेच्या कडेनं, मग पाण्याच्या टाक्याशी, मग लोक भाकरी सोडून बसायचे त्या वडाखाली. कोवळं असताना मेंढरू त्याला एखादं तोंड लावी. एकदा पात चरबट झाली की हुंगूनही बघत नसे.

त्रिंबकनं मग वैर धरलं. आधी विळ्यानं कापलं. ते बुडख्यातून दुप्पट फुटलं. मग एका उन्हाळ्यात त्यानं माळ पेटवून दिला. चवरीगवताच्या वाळल्या काडीनं आग अशी भडकली की शेजारचा पवना मुळातून करपला. चवरीगवताचे ठोंब काळेठिक्कर पडले. त्रिंबकला वाटलं, जिंकलो. पाऊस पडला आणि त्या काळ्या बुडख्यांच्या पोटातून सगळ्यांच्या आधी हिरवं वर आलं. पवन्याची जागा रिकामीच होती, तीही त्यानं घेतली.

मग तो उपटायला लागला. या गवताला जोडीदार लागत नाही हेही त्याला कळून चुकलं होतं. एकटा ठोंब बी धरतो आणि त्या बियांतून हुबेहूब तोच पुन्हा उगवतो. म्हणजे एकही मागं राहून चालत नव्हतं. रोज तो बाबांना विचारायचा, "याला मारू कसं?" आणि रोज बाबा गप्प बसायचे.

काल संध्याकाळी म्हाकू धनगर मठात आला. दर हिवाळ्यात त्याचा वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तांडा, मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडच्या टेपाडावर उतरतो. तेवढे दिवस मठात घंटा ऐकू येतात, दूध येतं, शेकोटीला चार माणसं बसतात. एरवी इथं वाऱ्याशिवाय बोलायला कोण आहे?

म्हाकू पायरीवरच टेकला होता. घोंगडीही काढली नव्हती.

"उद्या सकाळी आशीर्वाद घेतो न् उतरतो, महाराज. फुडल्या साली ह्या वाटंनं येनं व्हायाचं न्हाई. तुमचं ह्ये गवात मेंढरं खात न्हाईत. टेपाड तेवढं ऱ्हायलंय, पर त्ये तरी किती दीस पुरंल?"

'तुमचं हे गवत' म्हणाला तो. त्रिंबकला रात्रभर ते बोललेलं सलत राहिलं.

म्हणून तो आज लवकर उठून ओढ्यापर्यंत गेला. पलीकडचं टेपाड धुक्यात तांबूस दिसत होतं. सगळा पवना, पिकून वाळलेला, दवानं वाकलेला. मेंढरं त्यात अर्धी बुडाली होती. बघता बघता त्याचा जीव भरून आला. आणि अगदी ओढ्याच्या अलीकडं, पाय धुवायच्या दगडाला खेटून, हा ठोंब उभा होता. तुऱ्यांवर दव चमकत होतं. टेपाड तिथून उडी मारण्याइतकं जवळ होतं.

तोच ठोंब आता बाबांच्या पुढ्यात पडला होता.

"वाऱ्यानं येतं म्हणावं," त्रिंबक म्हणाला, "तर वारा ओढ्याकडून मठाकडं वाहतो. हे तर वाऱ्याच्या उलटं चाललंय. वाटेवाटेनं चाललंय, बाबा. माणसं चालतात तसं..."

बाबांनी डोक्यावरचा भगवा रुमाल सोडला. त्यांचे केस पांढरे, लांब आणि विरळ होते.

"आज मला दे," ते म्हणाले.

"काय?"

"आशीर्वाद."

"बाबा, थट्टा करता?"

"लोकांना देतोस. मी काय पाप केलं?"

त्यांनी खरोखरच मान वाकवली. त्रिंबक घाबरला. पण खरं सांगायचं तर त्या घाबरण्याच्या आत कुठंतरी त्याला गुदगुल्याही झाल्या. गुरू आपल्यापुढं वाकलेत! त्यानं आतून चवरी आणली आणि बाबांच्या डोक्यावरून, खांद्यांवरून हळुवार फिरवली. धुक्यात आता ऊन शिरत होतं. तुऱ्यातून सुटलेले केसाळ कण त्या उजेडात तरंगले, उतावीळ न होता खाली आले, आणि बाबांच्या केसांत, कांबळ्यात, दाढीत बसले.

काही क्षण सगळं इतकं शांत, इतकं देखणं होतं की त्रिंबकला आपण झोपेतच आहोत असं वाटलं.

बाबा उठले. कांबळं सावरलं आणि पायऱ्या उतरून चालू लागले.

"कुठं निघालात?"

"टेपाडावर. मेंढरांत बसतो जरा."

बाबा धुक्यात शिरले. आधी पाय दिसेनासे झाले, मग कांबळं. पांढरे केस तेवढे पुढं पुढं जाताना दिसत राहिले. त्रिंबक चवरी हातात धरून बघत उभा राहिला. त्यानं सहज चवरीकडं पाहिलं. तिचा एक तुरा पार झडला होता, नुसता दांडा उरला होता. मग त्याची नजर पायाशी पडलेल्या ठोंबाकडं गेली. मग पाऊलवाटेकडं, वडाकडं, टाक्याकडं. जिथं जिथं लोक त्याच्याकडून उठून जाऊन बसले होते तिथं तिथं.

"बाबा!" चवरी कमरेला खोचून तो धावला. "बाबा, थांबा! पलीकडं पाऊल टाकू नका!"

ओढ्याच्या काठावर त्यानं त्यांना गाठलं. बाबांचा एक पाय पाण्यात होता.

"का रे?"

"बी आहे तुमच्या अंगावर. केसांत... सगळीकडं."

"कुणी घातलं?"

पाणी वाहत होतं. पलीकडं एक कोकरू आईला शोधत ओरडत होतं.

"मी," तो म्हणाला.

बाबा पाय धुवायच्या दगडावर बसले. त्रिंबक त्यांच्या मागं उभा राहिला आणि त्यांच्या केसांतून एकेक बी वेचू लागला. बी कसलं, एवढासा दाणा आणि भोवती मऊ केसांची पिसारी. हातात धरावं तर फुंकरीनं उडेल. तो श्वास रोखून वेचत होता. वेचलेलं बी उपरण्याच्या पदरात बांधत होता. ऊन वर आलं, धुकं पातळ झालं, बाबांचे डोळे मिटले. ते झोपलेत की जागे आहेत ते कळेना. त्रिंबकच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"तुम्हांला ठाऊक होतं," तो शेवटी म्हणाला.

"हूं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारत होतास, मारू कसं. ते मला येत नाही."

"मातीत पडलेलं बी काही वर्षं झोपून राहतं म्हणतात," त्रिंबक म्हणाला. "आज सगळं उपटलं तरी पुढच्या साली उठेल. त्याच्या पुढच्या सालीही."

"उठेल."

"मी उपटत राहीन."

"राहा."

एवढंच. त्रिंबकनं उपरण्याची गाठ घट्ट केली. चवरी अजून त्याच्या कमरेला खोचलेली होती. ती त्यानं जपून काढली, एकही कण सांडू न देता दुसऱ्या पदरात गुंडाळली. मठात जाऊन धुनीत घालायची, ती राख होईपर्यंत तिथून उठायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. हात लावताना मात्र तिचा तो मऊपणा त्याला जाणवला, आणि वाईट वाटलं. खोटं कशाला बोला?

टेपाडावरून घंटा वाजत खाली आल्या. पुढं मेंढरं, मागं घोड्यावर बिऱ्हाड, आणि सगळ्यांच्या मागं म्हाकू. ओढ्याशी आल्यावर त्यानं दोघांना बघितलं, बाबांचे मोकळे केस बघितले, आणि काठी टेकून उभा राहिला.

"ह्ये काय चाललंय, महाराज?"

"गवत मीच पेरत होतो, म्हाकूबा," त्रिंबक म्हणाला. "ह्या चवरीनं. लोकांच्या डोक्यावर."

म्हाकूनं त्याच्याकडं पाहिलं. रागावेल, असं त्रिंबकला वाटलं. मनातून त्याला ते हवंही होतं.

"मंग आता?"

"माळ लगेच मोकळा होणार नाही. खोटं सांगत नाही. पण ओढ्याच्या पलीकडं एक काडी जाऊ देणार नाही. टेपाड राखीन."

"एकलेच?"

"एकटाच."

मेंढरं पाण्यात तोंडं घालून पीत होती. म्हाकूनं टेपाडाकडं वळून बघितलं, मग इकडच्या माळाकडं. इकडं चवरीगवताचे तुरे उन्हात चांदीसारखे हलत होते, जणू त्यांनी कुणाचं काही बिघडवलंच नव्हतं.

"मंग फुडल्या साली येऊन बगतो," म्हाकू म्हणाला. "राखलं आसंल तर उतरू. न्हाईतर फुडं जाऊ."

त्यानं लाल पागोटं काढून काखेत धरलं आणि त्रिंबकपुढं मान वाकवली. आशीर्वाद घेतल्याशिवाय त्याचा वाडा घाट उतरत नाही.

त्रिंबकचा हात सवयीनं कमरेला गेला. तिथं काही नव्हतं. तो हात तसाच हवेत लोंबकळत राहिला, चिरलेला, मातीनं भरलेला. म्हाकू वाकलेलाच होता. मेंढरं खोळंबली होती. त्रिंबकनं गोंधळून बाबांकडं पाहिलं.

"बाबा, माझ्याकडं काहीच नाही."

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"हात रिकामा आहे ना? मग ठेव."