बसवलेला वारा

कोरंबीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची वीज सीमेपलीकडच्या राज्यात जात होती आणि कोरंबीत मात्र पाण्याचा पंप बंद, घरात रॉकेलची चिमणी! आता कंपनीला गावच्या गायरानात आणखी चक्क्या उभारायच्या होत्या. ग्रामसभेचा ठराव हवा, म्हणून संचालक रणदिवे स्वतः आले.

तरुण सरपंच अनसूया पुकळे उठली. "आधी गावाला वीज द्या, साहेब."

रणदिवे हसले. "अहो बाई, वारा समुद्रावरून येतो नि पुढे निघून जातो. वाटेत तुमचं गाव लागतं, एवढंच. जाणाऱ्या वाऱ्यावर कसला हक्क सांगता?"

"साहेबाचं खरंय की," कुणीतरी पुटपुटलं. आता लोक माना डोलावणार आणि गाव कायमचं अंधारात राहणार, हे अनसूयेला दिसलं. पण ती मेंढपाळाची लेक होती.

"बरोबर, साहेब. रानातून नुसती गेलेली मेंढरं आपली नसतात. पण शेतकरी धान्य देऊन कळप रात्रभर आपल्या रानात बसवतो, तेव्हा खत कुणाचं?"

"शेतकऱ्याचं!" सगळी सभा ओरडली.

"तुम्ही तर वारा आमच्याच रानात बसवलाय. धान्याच्या जागी आम्ही गायरान देतोय. लोकर खुशाल पलीकडे न्या, लेंड्या तेवढ्या इथं पडू द्या!"

सभा खदखदून हसली. रणदिव्यांनाही हसू आवरेना. "किती लेंड्या लागतील?"

"पंप चालेल आणि घरोघर दिवा लागेल, एवढ्या."

ठराव झाला, पण आधी गावात तारा आणि मगच गायरानात खड्डे, या अटीवर. रणदिव्यांनी त्या अटीखाली सही केली, तेव्हा सगळ्यात मोठ्या टाळ्या वाजवल्या त्या हंडे वाहणाऱ्या बायकांनी.