उंबरठ्याची आण

एका राज्यात उंबरठ्यांना कान होते. घरातून "या" असा शब्द आल्याखेरीज राजाचे किंवा त्याच्या माणसांचे पाऊल कोणाच्याही उंबरठ्यापलीकडे पडत नसे. पडू गेले तर तिथेच चिकटून बसे. ही आण राजाच्या पणजोबांनी स्वतःवर आणि आपल्या वंशावर घालून घेतली होती. त्यांना आपल्या वंशाची चांगली माहिती असावी.

पणतू दुर्दमसेन गादीवर असताना, धुरपदा नावाच्या म्हाताऱ्या विणकरणीची साळुंकी भर बाजारात म्हणाली, "राजाला अडवतं कोण?" तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. राजाला वाटले, हा राजद्रोह. शिपाई तिला धरायला गेले आणि धुरपदाच्या उंबरठ्यावर सूर्य कलेपर्यंत चिकटून उभे राहिले. येणारेजाणारे त्यांना पाणी पाजत होते.

राजाने जादूगार मायाधराला बोलावले. "ही आण मोड."

"महाराज, आण मोडली की दारेही..."

"सल्ला मागितला नाही."

मायाधराने आण मोडली. त्यालाही मुलेबाळे होती.

शिपायांनी घरात घुसून साळुंकी आणली. पण त्या दिवसापासून राज्यात एकही दार लागेना. राजवाड्याचेही. कडी बसेना, अडसर टिकेना, आरपार वारा वाहू लागला. शेळ्या दरबारात येऊन बसू लागल्या. कामकाजात फारसा फरक पडला नाही. राजकन्या हेमांगी मात्र त्या वाऱ्याने झिजून इतकी हलकी झाली, की तिला शेल्याने पलंगाशी बांधून ठेवावे लागले.

राजाने सगळ्यांना उपाय विचारला. उत्तर दिले साळुंकीने. तिच्या पिंजऱ्याचे दारही उघडेच होते. पुढे काय होते ते पाहायला ती थांबली होती.

"तीन दारी जा. 'येऊ का?' असं विचार. एका दारी तरी खरं उत्तर मिळालं आणि तू ते पाळलंस, तर दारं लागतील."

राजा नगरशेठच्या दारी गेला. प्रश्न पुरा होण्याआधीच शेठ म्हणाला, "या, या, घर आपलंच!" वारा थांबला नाही.

राजा कुंभाराच्या दारी गेला. कुंभार "या" म्हणाला आणि मागल्या दाराने पोरे शेजारी धाडली. वारा वाढला.

राजा धुरपदाच्या दारी गेला. "धुरपदाबाई, येऊ का?"

"नको."

प्रधान गरजला, "म्हातारे, महाराज विचारताहेत!"

"विचारताहेत म्हणून तर सांगते. हुकूम केला असता तर 'या' म्हटलं असतं."

"कारण?" राजाने विचारले.

"घर माझं आहे."

इतक्यात राजवाड्याकडून दासी धावत आली. "महाराज, शेल्याची गाठ सुटतेय!"

राजाने पाऊल उचलले. अडवायला आता जादू नव्हती. एक झिजलेली फळी होती, आणि आत मागापाशी बसलेली म्हातारी. पाऊल बराच वेळ हवेत राहिले. मग राजाने ते मागे घेतले.

"बरं," तो म्हणाला, आणि वळला.

त्याच्या पाठीमागे दार लागले. मग शेजारचे, मग गल्लीतले, मग वेशीचे. वारा पडला. मोडलेली आण पुन्हा सांधली गेली.

राजा धावत हेमांगीच्या महालाशी आला. दार आतून बंद होते. त्याने हात उगारला, खाली घेतला.

"येऊ का?"

"थोड्या वेळानं, बाबा. झोप येतेय."

राजा दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला.

"कळलं," साळुंकी म्हणाली, आणि उडून धुरपदाच्या खिडकीशी गेली. आत जाण्याआधी तिनेही विचारले.