दोरा किती सरकला

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्याला घेऊन सायकलींच्या दुकानात गेला. वैद्याचे सायकलीशी काय काम, असे कुणालाही वाटेल. म्हणून आधी कारण सांगायला हवे.

वैद्याचे गाव वाळवंटाच्या काठावर होते. गावापासून वाळू आणि धोंडे तुडवत अर्धा दिवस गेले, की मेंढपाळांच्या तीन वस्त्या लागत. चाळीस वर्षे वैद्य दर आठवड्याला सांडणीवर बसून तिथे काढे, अर्क आणि मलमे पोचवत असे. एक थकली की दुसरी सांडणी येई, शेवटची मंजुळा. आता मंजुळाही म्हातारी झाली आणि वैद्याची कंबर वाकली. फेरी शिष्याकडे आली.

शिष्याने घरातली जुनी सायकल काढली. पहिल्याच फेरीत धक्क्यांनी सात बाटल्या फुटल्या. दम्याने बेजार झालेली एक आजी आपला अर्क वाळूत मुरताना पाहत राहिली आणि म्हणाली, "जाऊ दे, लेकरा. तू धड आलास ना?"

शिष्याला ते शब्द शिव्यांपेक्षा जास्त लागले. परत आल्यावर पेटी खाली ठेवून तो म्हणाला, "बाबा, हे माझ्याच्याने व्हायचे नाही. मी शहरात जातो. तिथे रस्ते तरी आहेत."

ही गोष्ट वस्त्यांपर्यंत जायला कितीसा वेळ लागतो? आठव्या दिवशी तिथून निरोप आला. त्या हंगामाची लोकर विकून आलेले पैसे एका फडक्यात बांधलेले होते. 'चांगली सायकल घ्या, पण येणे बंद करू नका.' फडके हातात घेताना शिष्याची मान खाली गेली. तरीही तो म्हणाला, "एक सायकल बघतो. तीही बाटल्या फोडणारी निघाली, तर मला अडवू नका."

वैद्य म्हणाला, "नाही अडवणार. पेटी भरून पाठीला लाव आणि चल."

दुकानदार बोलका होता. "दोन्ही चाकांना धक्के झेलणारे शॉकॉब्सर हवेत ना? वाळवंटात त्याशिवाय हाडे शाबूत राहत नाहीत. फडके केवढे आहे ते बघू." फडके पाहून त्याने दोनच सायकली पुढे केल्या. एक लालभडक, कोरी, मागे बोटाएवढ्या जाडीची स्प्रिंग. दुसरी करड्या रंगाची, कुणीतरी वर्षभर फिरवून परत आणून दिलेली. रंगाचे टवके उडालेले, आणि स्प्रिंगच्या जागी हवेचे नळकांडे.

शिष्याचे डोळे लाल सायकलीवर खिळले. त्याने सीटवर हात दाबला. "किती मऊ आहे बघा, बाबा."

वैद्याने पागोट्याच्या टोकाचा एक दोरा उपसला, लाल सायकलीच्या शॉकॉब्सरच्या चकचकीत दांड्यावर अगदी वरच्या अंगाला बांधला आणि म्हणाला, "पेटीसकट बस. चालवू नकोस. नुसता बस, आणि उतर."

दुकानातली दोन गिऱ्हाइके थांबून पाहू लागली. शिष्य ओशाळला. दुकानदार म्हणाला, "बाबा, सायकल विकत घेताय की तिची मुंज लावताय?"

"दोन्ही करू," वैद्य म्हणाला.

शिष्य बसला, उतरला. शॉकॉब्सर दबताना खाली ढकललेला दोरा दांड्याच्या पार तळाला जाऊन टेकला होता.

मग वैद्य करड्या सायकलीकडे वळला. आधी सीटला धरून तिचे मागचे चाक उचलून पाहिले. सांधे खुळखुळले नाहीत. तोवर शिष्याने पंप घेतला आणि नळकांड्यात कचकचून हवा भरली. सायकलीत हवा टच्च असावी, हे तो लहानपणापासून शिकला होता. दोरा बांधला, तो बसला, उतरला. दोरा केसभरही हलला नव्हता.

"हिच्यापेक्षा आपली जुनीच बरी," शिष्य म्हणाला. त्याने फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली. "चला, बाबा. मी माझा शब्द पाळला."

तेव्हा वैद्य खाली वाकला आणि त्याने नळकांड्याचे टोक दाबून आतली थोडी हवा फुस्सकन सोडून दिली.

"अहो, अहो," दुकानदार पुढे धावला, "भरलेली हवा कशाला घालवता?"

"आणखी एकदाच बस," वैद्य शिष्याला म्हणाला.

शिष्य नाइलाजाने बसला. सायकल त्याच्याखाली किंचित दबली, जशी मंजुळा उठण्याआधी अंग सावरून घेई. तो उतरला. दोरा दांड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत सरकून थांबला होता.

वैद्य म्हणाला, "बाळ, ती लाल सायकल तुझ्या नुसत्या बसण्यानेच संपली. खड्डा येईल तेव्हा द्यायला तिच्यापाशी काही उरणार नाही. तू हवा ठासलीस तेव्हा ही सायकल दगड झाली. खड्ड्याचा घाव जसाच्या तसा बाटल्यांवर गेला असता. झेलणाऱ्याने थोडे दबावे, बरेचसे राखून ठेवावे. आणि किती दबावे हे दुकानात ठरत नाही. वर कोण बसले आहे आणि त्याच्या पाठीवर काय आहे, त्यावर ठरते."

शिष्याने गाठ सोडली. दुकानदाराने पंप फुकट दिला आणि निघताना हळूच विचारले, "बाबा, तो दोरा राहू दे का दुकानात? गिऱ्हाइकांना उपयोगी पडेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे शिष्य निघाला आणि ऊन उतरताना परतला. पेटीतल्या सगळ्या बाटल्या वस्त्यांवर पोचल्या होत्या. आजीने अर्काची बाटली उजेडात धरून पाहिली होती आणि त्याच्या ओंजळीत खारका घातल्या होत्या. त्या वैद्यापुढे ठेवून तो म्हणाला, "पुढच्या आठवड्याची औषधे आजच काढून ठेवतो, बाबा."

वैद्याने एक खारीक उचलली. "वाटेत खड्डे लागले का रे?"

"असतील, बाबा. मला जाणवले नाहीत."

"मग ते गेले कुठे?"

एवढेच विचारून वैद्य खारीक चघळत बसला. शिष्य मात्र तिथेच उभा राहिला. लहानपणी हाच वैद्य त्याला मंजुळेवर पुढ्यात बसवून वस्त्यांवर नेई. खोगिरावर एकच घोंगडी असे. तिची चौपदरी घडी शिष्याच्या खाली आणि वैद्य नुसत्या लाकडावर. शिष्याला वाटे, बाबांना तसेच बसायला आवडते. सबंध वाट तो सुखाने झोपत असे. त्या वाटेला खड्डे आहेत, हे त्याला मागच्या फेरीत जुन्या सायकलीवर पहिल्यांदा कळले होते.

तो अंगणात गेला. मंजुळा बसली होती. तिच्या गुडघ्यांवर भाकरीएवढे घट्टे होते. इतकी वर्षे पाहूनही न पाहिलेले. त्याने त्यांना तेल चोळले. ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याने माळ्यावरून ती जुनी घोंगडी काढली, झटकली, तिची चौपदरी घडी केली आणि वैद्याच्या बाजेवर अंथरली.

वैद्य सावकाश तिच्यावर बसला. "मऊ आहे रे," तो म्हणाला.

आपल्याला जो खड्डा जाणवला नाही, तो कुणीतरी मधल्या मध्ये झेललेला असतो. असे माणूस अजून घरात असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसावे आणि विचारावे, कंबर कशी आहे.