आखूड पट्टी

“पण कोणते प्रश्न चुकले, तेवढं हे परीक्षावाले का सांगत नाहीत, भन्ते?”

रोशन रंगारीने हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा भन्ते सोभित मांडीवर पांढरा दोरा वळत होते. आताही दोराच वळत होते.

तलावाकाठच्या त्या विहारात आज प्रवारणा होती. पावसाळ्यातला वर्षावास संपला की भिक्खू एकमेकांपुढे हात जोडून बसतात. माझं काही चुकताना पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तरी सांगा, म्हणतात. दिसलं तर सुधारेन, म्हणतात. जो मोठा, तो आधी विचारतो. तशी रीत आहे.

रोशन लहानपणी याच विहारात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, म्हणून राहिला होता. चीवर अंगावर ठरत नव्हतं, तेव्हा भन्तेंनीच ते नीट नेसवलं होतं. आता तो नागपुरात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होता. त्याच्या हाताखालची पोरं नेटवर्कची परीक्षा पास होऊन नोकरीला लागली होती. तो स्वतः त्याच परीक्षेत दोनदा आपटला होता.

“आण तो कागद,” भन्ते म्हणाले.

रोशनने खिशातून निकालाचा कागद काढला. घडी पूर्ण न उघडताच पुढे धरला.

“हे काय लिहिलंय?”

“सहाशे अठ्ठावन्न. सातशेला पास.”

“म्हणजे बेचाळीस प्रश्न चुकले?”

रोशन हसला. गाडी त्याच्या रस्त्यावर आली होती.

“तसं नसतं, भन्ते. सगळे असंच समजतात. सातशे म्हणजे शंभरात सत्तर नव्हे. एकाला सोपी प्रश्नपत्रिका येते, एकाला अवघड. कोणावर अन्याय नको म्हणून सगळ्यांचे गुण एका मापात बसवतात. त्यावरून प्रश्न मोजता येत नाहीत.”

“आणि या काळ्या पट्ट्या?”

“एकेका भागाची एकेक पट्टी. लांब असेल तर तो भाग चांगला. आखूड असेल तर कच्चा.”

“चारच भाग?”

“...पाच.”

भन्तेंनी घडी उघडली. खाली पाचवी पट्टी होती. बोटाच्या पेराएवढी.

“हा कोणता?”

“बिघाड शोधणे.” रोशनने तलावाकडे पाहिलं. “ते मी रोज करतो, भन्ते. क्लासमधलं काहीही बंद पडलं तर मलाच बोलावतात. तिथे दोनचार प्रश्न फसवे आले असतील. तेच दोनचार कोणते, ते हे लोक सांगत नाहीत. दोन्ही खेपेला हाच भाग.”

भन्ते पुन्हा दोरा वळू लागले.

“पोरांना असा कागद मिळाला, तर त्यांना काय सांगतोस?”

“सरळ आहे. जिथे पट्टी आखूड, तो अख्खा भाग पहिल्यापासून वाचा. हाताने करून बघा.”

“मग?”

“ते पोरांना, भन्ते. मी शिकवणारा आहे.”

तलावावरून वारा आला. कागद फडफडला. रोशनने तो घडी करून खिशात ठेवला.

रोशनची अडचण साधी होती. क्लासच्या मालकाने सांगितलं होतं, दिवाळीनंतर ज्याच्याकडे सर्टिफिकेट, त्याच्याकडे बॅच. मोनाली वाहाणेकडे सर्टिफिकेट होतं. मोनाली त्याचीच विद्यार्थिनी. की-बोर्डवर बोटं कशी ठेवायची, ते तिला त्याने दाखवलं होतं. आता तिच्या हाताखाली बसायची वेळ आली होती.

म्हणून त्याने तोड काढली होती. आधी परीक्षेला बसलेल्यांनी आठवून आठवून लिहिलेले प्रश्न त्याच्या मोबाइलमध्ये होते. ते पाठ करायचे आणि मंगळवारी पुन्हा बसायचं. आज संध्याकाळपर्यंत तारीख पक्की करायची होती. त्याआधी भन्तेंच्या हातचा परित्राणाचा, रक्षणाचा दोरा मनगटाला बांधून घ्यावा, म्हणून तो आला होता.

त्याने हे सगळं सांगितलं. लपवलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंही नाही.

भन्तेंनी ऐकून घेतलं.

“तू मैलाचा दगड आहेस,” ते म्हणाले. “दुसऱ्यांना गाव दाखवतोस. आपण जागचा हलत नाहीस.”

रोशनचं तोंड उतरलं. क्लासमध्ये त्याला सगळे सर म्हणत. इथे आल्यावर पुन्हा कोणी कान धरेल, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

अंगणात धाकटे भिक्खू रेवत झाडत होते. त्यांचा झाडू क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला.

“सकाळी मी रेवतांपुढे बसलो,” भन्ते म्हणाले. “तीनदा विचारलं. ते गप्प राहिले. त्यांना दिसत नाही असं नाही. मला भितात.”

मग ते आसनावरून उठले. गुडघ्यावर हात टेकत खाली आले आणि रोशनसमोर जमिनीवर बसले. हात जोडले.

“तू मघापासून माझ्यावर रागावला आहेस. आज इथे न भिणारा तूच आहेस. माझं काय चुकतं, सांग.”

“भन्ते, हे काय... उठा आधी.”

“सांग.”

“भिक्खूने उपासकापुढे असं बसू नये. रीत नाही ती.”

“रीत मला ठाऊक आहे. सांग.”

रोशन इकडेतिकडे बघू लागला. झाडू आता पूर्ण थांबला होता. त्याच्या मनात मैलाचा दगड होताच. तो तोंडून निसटला, पण आडवळणाने.

“तुमचं बोलणं टोचतं, भन्ते.”

...

आता विचारतील, कोणतं बोलणं? कधीचं? रोशनने उत्तर तयार ठेवलं.

भन्तेंनी विचारलं नाही.

“साधु,” म्हणाले. उठले, काठी घेतली आणि अंगणात गेले.

रेवतांसमोर उभे राहून त्यांनी हात जोडले. “आवुसो, परवा सूत्र म्हणताना तुम्ही अडखळलात. मी उपासकांसमोर तुम्हाला हसलो. क्षमा करा.” रेवतांच्या हातातला झाडू खाली पडला. ते वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

मग भन्ते मागच्या चुलीकडे गेले. रोशन त्यांच्या मागे. भोजनदानाचा स्वयंपाक करणाऱ्या सुभद्राबाई भांडी घासत होत्या.

“बाई, मागच्या पौर्णिमेला मी भात बाजूला सारला. तुम्हाला बोललो.”

“अवं भन्तेजी, भात करपलाच होता जी. तुमी बोलले त काय झालं?”

“भात करपला होता. बोलणंही करपलं होतं. क्षमा करा.”

सुभद्राबाईंनी पदराने हात पुसले. “त्या दिशी मी घरी जाऊन जेवली नाई,” त्या हळूच म्हणाल्या. “कोनाले सांगतलं नाई आजवर.”

रोशनला वाटलं, आता भन्ते परत फिरतील. ते तलावाच्या वाटेला लागले. उन्हं डोक्यावर होती. काठी आपटत, थांबत, दम घेत ते उतरत होते. रोशनने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

काठावर दशरथ ढिवर जाळं विणत बसला होता. भन्तेंना येताना पाहून त्याने तोंड फिरवलं.

“दशरथ, विहाराच्या भिंतीवर तू जाळं वाळत घातलंस. मी बोलण्यात तुझ्या बापापर्यंत गेलो. चुकलं.”

दशरथने जाळ्यातली सुई बाजूला ठेवली.

“हे बरं नाई केलं, भन्तेजी,” तो म्हणाला. “उन्हाळ्यापासून तो राग चघळून रायलो मी. आता माफी मागून मोकळे झाले तुमी. मी आता काय चघळू?”

“मासे,” भन्ते म्हणाले.

दशरथ हसला. नको नको म्हणत हसला. मग उठला आणि पायाला हात लावून गेला.

परत चढताना भन्ते वाटेतल्या दगडावर बसले. रोशन बाजूला उभा राहिला. खिशातला मोबाइल वाजला. तारीख पक्की करण्याची आठवण होती. त्याने ती वाचली आणि मोबाइल खिशात ठेवला.

या तिन्ही गोष्टी त्याला ठाऊक नव्हत्या. रेवतांचं अडखळणं नाही, करपलेला भात नाही, जाळंही नाही. त्याने एकच वाक्य टाकलं होतं. म्हातारा त्या वाक्याला धरून दारोदार चालला होता.

विहारात आल्यावर भन्ते आसनावर बसले नाहीत. रोशनपुढेच थांबले.

“आता तुझी,” त्यांनी हात जोडले. “मघाशी तुला दगड म्हणालो. क्षमा कर.”

रोशनने खिशातला कागद काढला, घडी पूर्ण उघडली, पुन्हा एकदा पाहिला.

भन्ते बसले. दोऱ्याचं टोक त्यांनी हातात घेतलं.

“हात पुढे कर. मंगळवारी ना?”

“नाही, भन्ते... तारीख अजून घेतली नाही.”

“कधी घेणार?”

“आधी हा भाग वाचतो. सगळा. पहिल्यापासून.”

भन्तेंनी त्याच्या मनगटाला दोरा बांधला. गाठ मारली. उरलेलं टोक रेवतांनी कात्रीने कापलं.

“सुखी होतु.”

रोशनने वंदन केलं. पायरीपर्यंत गेला. चप्पल घातली. पण त्याच्या मनातून ते जाईना. तो वळला.

“भन्ते, एक सांगू? मला तुमचं एकच वाक्य लागलं होतं. दगडाचं. बाकीचं मला काहीच माहीत नव्हतं. कोणतं बोलणं, म्हणून मघाशी विचारलं असतंत, तर तेवढंच सांगितलं असतं.”

भन्ते दोऱ्याची गुंडी गुंडाळत होते.

“विचारलं असतं,” ते म्हणाले, “तर तुझ्या एकट्याची माफी मागून आज शांत झोपलो असतो.”