शेवटचा घास

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी शाळेचा मेसेज आला, आणि तेव्हापासून संजीवनीच्या जिवाला थारा नव्हता.

मेसेज इंग्रजीत होता. तिला त्यातला पोरीच्या नावापुढचा एकच शब्द वाचता आला, लॅगिंग. शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं सगळा वाचून अर्थ सांगितला: मागे पडतेय. तीन वाजता भेटायला या. ईश्वरीला पहिलीत घालायचं की पुन्हा सीनियर केजीलाच बसवायचं, ते ठरवू.

संजीवनीनं पोरीचा हात धरला आणि टेकडीवरचा मठ गाठला. नागेशबुवा मठात यायच्या आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांना दुसरा एखादा बरा अर्थ ठाऊक असला तर...

मठात गुरुवारची पंगत बसत होती. ती बुवांच्या समोरच बसली.

"बुवा, लॅगिंग म्हणजे नक्की काय?"

"मागे पडणं."

"दुसरा अर्थ?"

"नाही."

भात वाढला गेला, वर वरण आलं.

"मग तो शब्द वापरतात कधी?"

बुवांनी घास कालवला.

"पुढचा थांबणार नसला, की."

याचा तिला रागच आला. शाळा काय कुणासाठी थांबते? घरातल्या सगळ्यांशी भांडून तिनं पोरीला इंग्रजी शाळेत घातलं होतं. स्वतःची शाळा सातवीत सुटली ती सुटलीच, तेव्हा तिच्यासाठीही कुणी थांबलं नव्हतं. हे सगळं ती एका दमात बोलून गेली.

"...जेव," बुवा म्हणाले.

मठाची रीत अशी, की बुवा उठल्याशिवाय पंगत उठत नाही. आणि बुवांचं जेवण कधी लवकर उरकत नाही. बायका त्यावर हसायच्या. आजही कडेची गंगूआत्या तिच्या कानाशी लागली, म्हणाली, बुवांना कुणीतरी कवळी करून द्या गं, इथं बसून बसून पाय मोडले. संजीवनीलाही हसू आलं.

एकेकाची पत्रावळ रिकामी झाली. ईश्वरीचा मात्र अर्धा भात तसाच. ती वरणातला कढीपत्ता एकेक पान वेचून कडेला लावत होती, मोठं पान आधी, लहान मग.

"आटप की गं," संजीवनी दबक्या आवाजात म्हणाली. "सगळ्यांचं झालं. तुझंच नेहमी..."

तिनं मोठमोठे घास करून पोरीच्या तोंडात कोंबले. पोरीला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, तरी ती रडली नाही. आईकडे बघत नुसती चावत राहिली, घाईघाईनं.

"हात आवर, पोरी," बुवा म्हणाले.

संजीवनीनं खरकटा हात मागे घेतला. मान वर करवेना म्हणून ती बुवांच्या पत्रावळीकडेच बघत बसली.

पत्रावळ स्वच्छ होती. कडेला तेवढा एक घास. कालवून ठेवलेला... कधीचा कोण जाणे. वरण आटून भाताची शितं वाळली होती.

बुवांचं तोंड हलत नव्हतं.

त्यांची नजर ईश्वरीच्या पत्रावळीवर होती.

संजीवनीला एकदम मागचे सगळे गुरुवार आठवले. त्या पंगतीतली म्हातारी माणसं आठवली, थरथरत्या हाताची... आणि आपण हसलो होतो ते.

तेवढ्यात वाढपी दारातून आत आला. दुसरी पंगत उन्हात उभी आहे, लोक कुरकुर करतायत, बुवा, अजून किती वेळ, असं तो विचारत होता.

संजीवनी अर्धी उठली. पोरीच्या दंडाला धरणार, तोच थांबली. मग खाली बसली. मांडी घालून, नीट.

ईश्वरीनं आणखी एक पान वेचलं.

बुवांनी वाळलेल्या घासाला बोट लावलं, उचलला नाही.

"बाहेर सांग, आत अजून दोघं जेवतायत. आणि म्हणावं, तुमच्या मागे जे उभे आहेत, त्यांनाही सांगा."