रिकाम्या हातांची नाव

“...पण रिकाम्या हातांनी आलेल्या सावल्यांना वजन कुठलं, फादर?”

एलियसने पुस्तक फादर हिलरींच्या पुढ्यात धरलं. वसईतल्या चर्चमागच्या पडवीत दोघेच होते. म्हातारे फादर अल्ताराची वेदी सजवायला शेवंतीचे देठ खुडत होते.

“वाच. माझे डोळे संपावर गेलेत.”

एलियसने लॅटिन कवितेतली ओळ म्हटली, मग मराठीत सांगितली. मेलेली माणसं रिकाम्या हातांनी नावेत चढतात आणि नाव कडेपर्यंत पाण्यात जाते.

“जुन्या पोथीवरून नक्कल करणारा चुकला असणार. मी ‘रिकाम्या’ खोडून वर ‘भरल्या’ लिहिलंय. पेन्सिलने.”

“वा रे वा! फादर व्हायला सेमिनरीत जाऊन दोन वर्षं झाली नाहीत, तोच कवीला शिकवायला लागलास?”

एलियस हसला नाही. आई जाऊन महिना होत होता आणि रविवारी चर्चमध्ये तिच्या स्मरणाची मिस्सा होती. सगळ्या गावासमोर त्यालाच बोलायचं होतं. ही ओळ त्याने त्यासाठीच निवडली होती.

“आई रिकाम्या हातांनी गेली, असं मी नाही म्हणणार,” तो खाली बघत म्हणाला.

फादरांचे हात थांबले.

“पेटीला खांदा दिलास ना तू? जड होती?”

“नाही. दुखण्यात आई मुठीएवढी उरली होती.”

“मग मामा खांदा बदलायला पुढे आला, तेव्हा?”

“मी बाजूला झालो नाही.”

“आणि कबरस्तानाच्या फाटकाशी पेटी खाली का टेकवलीत?”

एलियसने पानाचा कोपरा दुमडला. परत उलगडला.

“माझ्याच्याने... पुढे नेववेना, फादर.”

फादरांनी ओला हात झग्याला पुसला. चाचपडत त्याचा उजवा खांदा शोधला आणि हात तिथे ठेवला.

...

आधी खांदा हलला. मग एलियसच्या तोंडून आवाज फुटला, लहान मुलासारखा. महिनाभर त्याने सगळ्यांना धीर दिला होता. आज त्याला धीर धरवेना.

फादरांनी हात काढला नाही. मांडीवरची फुलं एकेक करून खाली घसरली, ती त्यांनी घसरू दिली.

बऱ्याच वेळाने एलियसने बाहीने नाक पुसलं. उघडं पुस्तक अजून त्याच्या गुडघ्यावर होतं. फादरांनी बोटांनी पान चाचपलं.

“खोडरबर आणलंस का रे, पोरा?”